नेपाळची कमान दिसली की गाडी पळवू नका

लातूरहून नांदेड, नागपूर, जबलपूर करत नेपाळच्या सीमेवरच्या सोनौलीला पोचायला आम्हाला तीन दिवस लागतात. तीन दिवस स्टेअरिंग धरलेल्या माणसाला समोर नेपाळची कमान दिसली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पहिल्या खेपेला माझंही राहिलं नव्हतं. सायकलवाले, भाजीवाल्या बाया बिनधास्त ये-जा करत होत्या, आम्हालाही कुणी अडवलं नाही. मेहुणा मागून ओरडला, "दाजी, फॉरेन आलं!" आणि मी गिअर टाकला.

सीमेपलीकडचं भैरहवा गाव मागं पडलं नाही तोच ट्रॅफिक पोलिसानं हात केला. "भन्सार?" मला वाटलं, गावाचं नाव विचारतोय! भन्सार म्हणजे तिथली जकात. गाडी जितके दिवस ठेवणार तितक्या दिवसांचे पैसे बेलहियाला, म्हणजे कमानीपलीकडच्या नेपाळी नाक्यावर, भरून पावती घ्यायची. दंड भरला, गाडी वळवली आणि उन्हात अडीच तास त्याच कमानीजवळ रांगेत काढले. मेहुणा गप्प.

पावती मिळाली की खिडकीपाशीच वाचा. तारीख विक्रम संवताची असते. नेपाळचा वैशाख एप्रिलच्या मध्याला लागतो, तोच त्यांचा नवीन वर्षाचा महिना. आपल्या कालनिर्णयातला वैशाख धरून बसलात तर फसलात. मी कारकुनालाच विचारून इंग्रजी तारीख पावतीच्या मागं पेनानं लिहून ठेवतो. आणि दोन दिवस जास्तीचे भरतो. पावसाळ्यात नारायणघाट ते मुग्लिन रस्त्यावर दरड आली की तिथंच मुक्काम पडतो. शंभर चहा पिणारी पोरं हे दोन दिवसांचे पैसे वाचवायला बघतात, त्यांचं मला नवल वाटतं.

गाडी काकांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र घ्या. कर्ज असेल तर बँकेचंही. आरसी ओरिजिनल. नुसत्या आधारवर निघू नका, पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड ठेवा. विम्याची हद्द नेपाळपर्यंत वाढवून घ्या, जादा हप्ता पडतो. एजंट "लागत नाही ओ" म्हणेल, म्हणू द्या. नेपाळात शिरलात की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

"पंधरा मिनिटांत काम करून देतो" म्हणणारा दलाल कमानीजवळ भेटेलच. मी त्याच्याकडं बघतसुद्धा नाही.

फोटो? काढा की. गाडी बाजूला लावा, पावती खिशात घाला आणि कमानीपर्यंत चालत परत या.