शेणखत टाकूनही कांदा पिवळा पडत होता

निफाडकडची काळी जमीन. शेणखत टाकलं की कांद्याची पात पिवळी, शिवाय हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. युरिया वाढवला, झिंक फवारलं. चार दिवस हिरवं, पुन्हा तेच. वैताग आला.

खत अर्धकच्चं होतं. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात.

सावलीत 4 फूट उंच ढीग रचला: 1 फूट काडीकचरा, 3 इंच शेण, वर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), असे थरावर थर. ओलावा इतकाच की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. चौथ्या दिवशी आत खुपसलेल्या सळईने चटका द्यायला हवा. नाही दिला तर शेण किंवा पाणी कमी. दर 15 दिवसांनी पलटी. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी ढीग निवल्यावरच, टनाला 1 किलो. आधी टाकली तर उष्णतेनं मरते. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास आला की लागवडीआधी एकरी 4 टन.