मोहोरावर केलेला सौदा : उमलत्या बास्केटबॉलपटूची किंमत ठरवायला शिकताना

2025 सालच्या 23 जूनला, सोमवारी पहाटे साडेपाच वाजता, नेरुळच्या घरी मी अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना पाहत बसले होते. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला 103-91 असे हरवले. थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये टाचेमागची शीर तुटून मैदानाबाहेर गेला. माझे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे होते. हे दोघेही कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांतच त्यांच्या संघांनी अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन टाकलेले खेळाडू होते. गिल्जस-अलेक्झांडरला लॉस एंजेलिस क्लिपर्सने 2019 च्या जुलैत, एकच हंगाम खेळवून दिले. हॅलिबर्टनला सॅक्रामेंटो किंग्जने 2022 च्या फेब्रुवारीत दिले. देणारे मूर्ख नव्हते, आणि त्यांच्यापाशी आकडेही आपल्यापेक्षा जास्त होते. मग अशा खेळाडूची किंमत लावताना नेमके चुकते कुठे, हा प्रश्न मला कामाच्या ठिकाणी नव्याने आलेली मुले वारंवार विचारतात; त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगते. बाबांचा तुर्भ्याच्या फळबाजारात गाळा होता. वाशीच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले, कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळले आणि पुढे ऐरोलीत खेळांची आकडेवारी तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. पहिली दोन वर्षे काम एवढेच होते की सामन्याची चित्रफीत पाहायची आणि प्रत्येक फेकीची, प्रत्येक पासची नोंद करायची. खेळाडूंच्या मूल्यमापनाचे काम नंतर आले. मात्र किंमत कशी लागते याचे पहिले धडे मला बाजारातच मिळाले होते. हापूसच्या मोसमात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत मी लहानपणी पाहिली आहे. एकाच पेटीला दोन गिऱ्हाईक वेगवेगळा भाव का देतात, असे विचारल्यावर बाबा म्हणायचे की एकाला आंबा उद्या विकायचा असतो आणि दुसऱ्याला आठ दिवसांनी. कोकणात तर मोहोर पाहूनच बागेचा सौदा करणारे व्यापारी असतात, आणि फळ धरेल की गळेल याची जोखीम त्यांच्या माथी असते. तरुण खेळाडूचा सौदा बराचसा असाच असतो.

नव्याने या कामात येणारा माणूस बहुधा पहिली चूक अशी करतो की तो 'खेळाडू किती चांगला आहे' आणि 'खेळाडूची अदलाबदलीत किंमत किती' हे दोन प्रश्न एकच समजतो. एनबीएमध्ये संघांच्या एकूण पगारावर मर्यादा असते. 2024-25 च्या हंगामात ती 14 कोटी 5 लाख 88 हजार डॉलर होती. त्यामुळे खेळाडूची किंमत म्हणजे तो जेवढे देतो आणि जेवढा पगार घेतो त्यांतला फरक, आणि हा फरक किती वर्षे टिकणार आहे त्याचा हिशेब. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार असतो, पहिली दोन वर्षे पक्की असतात आणि तिसरे व चौथे वर्ष ठेवायचे की नाही हे संघ ठरवतो. चार वर्षांनंतरही, संघाने रीतसर प्रस्ताव दिलेला असेल तर, दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या कराराएवढाच करार देऊन त्याला राखून ठेवण्याचा हक्क मूळ संघाकडे राहतो. म्हणून दुसऱ्या वर्षातला चांगला खेळाडू आणि चौथ्या वर्षातला तितकाच चांगला खेळाडू यांची किंमत सारखी नसते.

हॅलिबर्टनच्या बाबतीत मी स्वतः हे विसरले होते. 8 फेब्रुवारी 2022 रोजी किंग्जने त्याला, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन यांच्यासह, इंडियानाला दिले आणि बदल्यात मुख्यतः डोमांटास सॅबोनिस घेतला. सॅबोनिसबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा होता, हे आधीच कबूल करते. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय संकुलात एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेव्हा खेळलेले संघ नेमके हेच दोन होते, आणि पेसर्सच्या सॅबोनिसचे पास पाहून मी थक्क झाले होते. त्यामुळे अदलाबदलीनंतर लिहिलेल्या टिपणात मी 'सॅक्रामेंटोचा फायदा' असा निकाल देऊन मोकळी झाले. किंग्जमधल्या त्या हंगामात हॅलिबर्टनची सरासरी 14.3 गुण आणि 7.4 असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) होती; सॅबोनिस त्याआधीच दोनदा ऑलस्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंपैकी एक, झालेला होता. मैदानावरची तुलना चुकीची नव्हती. पण हॅलिबर्टन तेव्हा बावीस वर्षांचाही नव्हता, त्याचा पगार सुमारे 40 लाख डॉलर होता, सॅबोनिसचा त्याच्या चौपटीहून अधिक होता, आणि हॅलिबर्टनच्या तक्त्यातल्या पगाराची आणखी दोन पूर्ण वर्षे शिल्लक होती. माझ्या टिपणात वय आणि करार यांना मिळून एक ओळ होती. तरीही किंग्जचा सौदा सरसकट वाया गेला असे मी म्हणणार नाही. 2023 मध्ये त्यांनी सोळा हंगामांचा प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, दुष्काळ संपवला, तो सॅबोनिसच्याच जोरावर. त्यांना आंबा उद्या विकायचा होता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. 'हा खेळाडू सुधारतो आहे' या वाक्याचा अर्थ काय? सरासरी गुण वाढले, एवढ्यावर कोणी हे वाक्य लिहिले तर कंपनीतले आमचे सर कागद परत करत आणि एकच विचारत, "कौशल्य वाढलं की संधी वाढली?" सर्वांत आधी मिनिटे पाहावीत. जेम्स हार्डन 2011-12 मध्ये थंडरकडून 62 पैकी केवळ 2 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि सरासरी 31.4 मिनिटांत 16.8 गुण करत होता. ऑक्टोबर 2012 मध्ये, करारवाढीची मुदत संपायला काही दिवस उरले असताना, थंडरने त्याला ह्यूस्टनला दिले, आणि पुढच्या हंगामात त्याचे गुण 25.9 झाले. ही झेप पाहून एका उन्हाळ्यात चमत्कार झाला असे वाटते. पण 36 मिनिटांमागे गुण काढले तर आधीचा आकडा 19.3 येतो आणि नंतरचा 24.3. म्हणजे वाढीचा जवळजवळ निम्मा भाग फक्त जास्त वेळ मैदानावर राहिल्याचा होता. उरलेला भाग चेंडू अधिक वेळ हाती राहिल्याचा होता, आणि विशेष असे की राखीव खेळाडू असतानाच त्याची गुण मिळवण्याची कार्यक्षमता लीगमधल्या उत्तमांच्या पंगतीत बसणारी होती. लहान भूमिकेत कार्यक्षम असलेला खेळाडू मोठ्या भूमिकेत गेल्यावर थोडा घसरतो हे गृहीत धरायचेच असते; कितपत घसरेल याचा अंदाज बांधणे हे आपले खरे काम.

याच्या उलट उदाहरण मायकेल कार्टर-विल्यम्सचे. 2013-14 मध्ये फिलाडेल्फियाकडून 16.7 गुण, 6.2 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) आणि 6.3 असिस्ट अशा सरासरीने त्याने वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. कागदावर हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण तो संघ लीगमध्ये सर्वांत वेगाने खेळत होता, म्हणजे प्रत्येक सामन्यात फेकींची संख्याच जास्त होती. संघाने सलग 26 सामने गमावले होते, त्यामुळे चेंडू हाती घेणारा दुसरा कोणी नव्हता. आणि त्याची तीन गुणांच्या फेकींतली अचूकता जेमतेम 26 टक्के होती. फिलाडेल्फियाने त्याला फेब्रुवारी 2015 मध्ये मिलवॉकीला देऊन टाकले आणि तीन संघांच्या त्या सौद्यातून लेकर्सचा भविष्यातला पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) पदरात पाडून घेतला. कार्टर-विल्यम्सचे नाणे पुढे कुठेच तसे खणखणले नाही. म्हणून वेगवेगळ्या संघांतले आकडे दर सामन्याऐवजी दर 100 चेंडूताब्यांमागे (संघाच्या ताब्यात चेंडू आल्याच्या दर 100 खेपांमागे) मांडून मगच शेजारी ठेवावेत.

नेमबाजीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझी सर्वांत लाजिरवाणी चूक तिथलीच आहे. एका तरुण खेळाडूची तीन गुणांची अचूकता एका हंगामात 33 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर गेली, आणि मी अहवालात 'नेमबाज म्हणून सिद्ध' असे शब्द वापरले. सरांनी मला फळ्यापाशी बोलावून गणित करायला लावले. हंगामात 180 फेकी असतील, तर 33 टक्के म्हणजे साधारण 59 आणि 38 टक्के म्हणजे साधारण 68. फरक नऊ चेंडूंचा, म्हणजे 82 सामन्यांच्या हंगामात दर नऊ सामन्यांमागे एक जादा चेंडू जाळ्यात. ज्याची खरी अचूकता 36 टक्के आहे अशा खेळाडूने 200 फेकी केल्या, तर नुसत्या योगायोगाची प्रमाणत्रुटी (आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो याचे माप) सुमारे 3.4 टक्के येते; 32 आणि 40 हे दोन्ही आकडे एकाच हातातून सहज निघू शकतात. 500 फेकींना ही त्रुटी 2.1 टक्क्यांवर येते, म्हणजे तेव्हाही हात आखडताच ठेवावा लागतो. कॉलेजात द्विपद वितरणाची उदाहरणे मी शेकड्यांनी सोडवली होती, आणि तरी ते सूत्र इथे लागू पडते हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शिकलेले कामाच्या वेळी न आठवणे हा प्रकार तुमच्याही बाबतीत घडेल. घडू द्या, पण अहवाल पाठवण्याआधी घडू द्या.

एका हंगामाच्या अचूकतेवर भरवसा नसेल तर आधार कशाचा घ्यायचा? फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची, टक्केवारी पाहावी, कारण तिथे बचावपटू नसतो आणि हाताची मूळ ठेवण दिसते. फेकींची संख्या वाढली का ते पाहावे. स्वतःवर आणि प्रशिक्षकावर विश्वास बसल्याशिवाय खेळाडू जास्त फेकी करत नाही. त्यानंतर चित्रफीत. पूर्वी फक्त कोपऱ्यात उभा राहून फेकणारा आता धावत येऊन, वळून फेकतो का. उजव्या हाताचा खेळाडू डावीकडून घुसून डाव्या हाताने चेंडू टाकतो का. दुप्पट पहारा आला की चेंडू कुठे जातो. मोकळ्या साथीदाराला तो आधी बघतो की प्रेक्षकांनी ओरडल्यावर. बचावातले बरेचसे काम कोणत्याही तक्त्यात येत नाही. सकाळच्या लोकलमध्ये मोबाइलवर क्षणचित्रे पाहून हे कळत नाही, त्यासाठी पूर्ण सामने, तेही हरलेले, बघावे लागतात.

सुधारणा खरी आहे असे ठरले तरी ती घेणाऱ्या संघाच्या उपयोगाची हवी. लॉरी मार्कानेन 2021-22 मध्ये क्लीव्हलँडकडून दोन उंच खेळाडूंच्या शेजारी खेळत होता आणि त्याची सरासरी 14.8 होती. सप्टेंबर 2022 मध्ये डोनोवन मिचेलच्या बदल्यात तो युटाकडे गेला. मी त्या सौद्यातले पिक मोजत बसले आणि मार्कानेनच्या नावापुढे काहीच लिहिले नाही. त्याच दिवसांत तो युरोबास्केट या युरोपीय देशांच्या स्पर्धेत फिनलंडसाठी प्रमुख भूमिकेत खेळत होता आणि क्रोएशियाविरुद्ध त्याने 43 गुण केले होते. पुरावा डोळ्यांसमोर होता, पण तो आमच्या तक्त्यात नव्हता. युटात त्याची सरासरी 25.6 झाली आणि 2023 चा सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला.

नियमपुस्तिकेकडे नवखे लोक पाठ फिरवतात. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला 2023 चा करार कित्येक शे पानांचा आहे, आणि तो वाचणे म्हणजे सोसायटीचे उपविधी वाचण्याइतकेच रंजक काम आहे. तरी काही कलमे सौद्याचा भाव थेट बदलतात. पगाराची 'सेकंड ॲप्रन' नावाची वरची रेषा ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठ्या पगाराचा खेळाडू घेता येत नाही. अशा संघांना स्वस्तात चांगले खेळणारा तरुण अधिक हवाहवासा वाटतो. पहिल्या करारातल्या खेळाडूने वाढीव करारावर सही केली आणि तो सुरू होण्याआधीच त्याची अदलाबदल झाली, तर देणाऱ्या संघाच्या हिशेबात त्याचा चालू पगार धरतात आणि घेणाऱ्याच्या हिशेबात जुन्या-नव्या पगाराची सरासरी. दोन्ही बाजूंचे आकडे जुळवता जुळवता सौदा बारगळू शकतो. पिकांच्या बाबतीत, संघाला लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या पिकाविना राहता येत नाही. हे ठाऊक नसलेल्या माणसाने रचलेले सौदे ऐकायला छान असतात, पण ते होऊच शकत नाहीत.

शिक्षणाबद्दल विचाराल तर संख्याशास्त्राचा पाया, एसक्यूएल आणि पायथन या संगणकी भाषा एवढे पुरे. आपल्याकडे सुरुवातीचे काम बहुधा नोंदी करण्याचेच मिळते, पाळी पहाटेची असते आणि पगार घरच्यांना सांगताना आवाज खाली येतो. त्या कामाला कमी लेखू नये. हजारो फेकी हाताने नोंदवल्यावर डोळ्याला जे कळू लागते ते आयत्या तक्त्यातून कळत नाही.

सराव मात्र आजपासून करता येतो. फेब्रुवारीतली अदलाबदलीची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीनला संपते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असतो. त्याच्या आठवडाभर आधी पहिल्या करारातला एक सुधारणारा खेळाडू निवडा आणि त्याचे वय, कराराची उरलेली वर्षे, काय सुधारले व कशामुळे, कोणत्या दोन संघांना तो किती किमतीला परवडेल, हे सगळे दोन पानांत तारीख घालून लिहा. तीन वर्षांनी ते पान उघडा. वही कागदाचीच ठेवा. संगणकावरची जुनी टिपणे गुपचूप सुधारण्याचा मोह मला दोनदा झाला आहे, आणि त्यातले एक टिपण सॅबोनिसचे होते.