निर्वासित व्यक्तीचा कायदेशीर दर्जा कसा तपासावा : सांगलीतील घरमालक आणि संस्थाचालकांसाठी

हिवाळा लागला की स्वेटर विकायला आलेले तिबेटी कुटुंब सांगलीत दोन महिन्यांसाठी खोली मागते. कधी अफगाण विद्यार्थी प्रवेशासाठी महाविद्यालयात येतो, तर कधी एखाद्या सिंधी घरी पाकिस्तानातले नातलग कायमचे राहायला येतात. अशा वेळी ‘हा माणूस खरोखर निर्वासित आहे का?’ असा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो आणि गाडी तिथेच अडते, कारण आपल्या कायद्यात निर्वासित या शब्दाची व्याख्याच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही, आणि २०२५ च्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्यानुसार जो भारताचा नागरिक नाही, तो सरसकट परकीयच ठरतो. म्हणून विचारायचे ते एवढेच : माणूस कोणत्या देशातून आला, कोणत्या तारखेला आला आणि त्याच्या हातात कोणता कागद आहे.

तारखेला इतके महत्त्व का, हे आपल्या भागातील व्यापाऱ्यांना सांगायला नको. आपण घाऊक कापड आणायला कोल्हापूरजवळच्या ज्या गांधीनगरला जातो, ते फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वळिवड्याच्या छावणीच्या जागेवर वसवले. त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, त्याच छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्यांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ ने १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवली होती. मूळचा अविभाजित हिंदुस्थानातला जो माणूस त्यापूर्वी येऊन येथेच राहिला, तो नागरिक झाला. नंतर आलेल्याला रीतसर नोंदणी करावी लागली.

तिबेटी व्यक्तीबाबत सर्वाधिक गोंधळ कागदांचा होतो. विश्रामबागेतले एक घरमालक भाडेकरूच्या ‘हिरव्या पुस्तकाची’ झेरॉक्स घेऊन माझ्या वकिलीच्या कार्यालयात आले होते आणि पोलिसांनी ती स्वीकारली नाही म्हणून वैतागले होते. हिरवे पुस्तक धरमशालेतील केंद्रीय तिबेटी प्रशासन देते. त्यात ऐच्छिक वर्गणीच्या नोंदी असतात आणि भारतात राहण्याचा परवाना म्हणून त्याला किंमत नाही. भारत सरकारचा कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला ते लोक ‘आरसी’ म्हणतात. त्यावर नाव, छायाचित्र आणि नोंदणीचे ठिकाण पाहावे, आणि मुख्य म्हणजे शेवटची मुदतवाढ कोणत्या तारखेपर्यंत आहे ते वाचावे. पिवळे ओळखपत्र परदेश प्रवासासाठी असते. ते आरसीच्या जागी चालत नाही. शिवाय २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी माणूस जन्मानेच नागरिक ठरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले आहे, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या भाडेकरूचा जन्मदाखलाही जरूर मागावा.

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन व्यक्तींबाबत दोन तारखा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना नागरिकत्व कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख चक्क टपाल खात्याचे अधीक्षक असतात. ३१ डिसेंबर २०२४ ही दुसरी तारीख इमिग्रेशन कायद्याखालील २०२५ च्या सवलत आदेशातील आहे. तिच्यामुळे पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट मिळते, नागरिकत्व मिळत नाही. श्रीलंकेतील नोंदणीकृत तमिळ निर्वासितांना अशीच सूट ९ जानेवारी २०१५ पर्यंतची आहे.

या चौकटीत न बसणारे, उदाहरणार्थ म्यानमारमधील रोहिंग्या किंवा अफगाण मुसलमान, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्ड दाखवतात. कार्ड खरे असले तरी तो व्हिसा नव्हे. गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार छळाची भीती सिद्ध झाल्यास दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. तो असेल तर नोकरी आणि शिक्षण या दोन्हींची वाट मोकळी होते.

कागद अपुरा आहे म्हणून माणूस कायद्याबाहेर जात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ (समानता) व २१ (जीवित व स्वातंत्र्य) चे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे, आणि अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांच्या जिवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे बजावले. मात्र २०२१ च्या रोहिंग्या आदेशात, देशाबाहेर न घालवले जाण्याचा हक्क केवळ नागरिकांचा असून परतपाठवणी विहित पद्धतीनेच करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. माझ्या मते या दोन निकालांमधली फट कायदा करूनच बुजवायला हवी, पण तूर्तास अशिलाला दोन्ही बाजू सांगाव्या लागतात.

परकीय व्यक्ती मुक्कामास आल्यावर २४ तासांच्या आत त्याची माहिती परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी; सांगलीत हे काम जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे आहे. शिक्षणसंस्थांनाही प्रवेशाची माहिती कळवावी लागते. एजंटाकडून आधार कार्ड किंवा रेशन कार्ड ‘करून घेण्याचा’ सल्ला कोणी देत असेल तर त्या व्यक्तीला स्पष्टपणे रोखावे, कारण बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास किमान दोन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, आणि इतर खोट्या कागदांमुळेही पुढचा खरा अर्ज धोक्यात येतो. अटक झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मोफत वकील मागता येतो. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला तो हक्क आहे. त्या वेळी मूळ कागद हाताशी लागतात, म्हणून घरमालकाने फक्त झेरॉक्स ठेवावी आणि मूळ प्रती त्याच दिवशी परत कराव्यात.