मेंढीचं मटण घरी करताय? या चुका टाळा

पुण्यात आणि आसपासच्या गावांत मटणाच्या काही दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी दिसते. हवेली तालुक्यातल्या वाडे बोल्हाईची देवी ज्या घरांत मानतात, तिथे शेळी-बोकडाचं मटण चालत नाही, मेंढीचंच लागतं. त्या घरांतल्या बायकांना हे मटण कसं हाताळायचं ते सांगावं लागत नाही. पण आता ज्यांच्याकडे असा काही नेम नाही, तेही चवीसाठी किंवा बदल म्हणून मेंढीचं आणतात आणि बोकडाच्या मटणाला लागतात तेवढंच तेल, तेवढ्याच शिट्ट्या, तेवढाच मसाला लावून मोकळे होतात. मग वास येतो, रश्श्यावर पांढरा थर धरतो, ताटात टाळूला मेण चिकटल्यासारखं वाटतं, आणि दोष मेंढीला जातो. खरं तर या मटणाची सगळी चव त्याच्या चरबीत असते आणि बिघडतं तेही बहुतेक चरबीमुळेच. ती नीट हाताळली, तर रस्सा असा होतो की त्यात बोकडाची आठवण येत नाही.

दुकानात होणारी चूक

सर्वांत मोठी चूक म्हणजे काउंटरवर जाऊन नुसतं ‘एक किलो द्या’ म्हणणं. खाटकाला काय करायचंय ते सांगितलं नाही, तर तो हाताला येईल तिथून तोडून देणार. त्यात त्याचा दोष नाही. ‘भाऊ, रश्श्याला हवंय, सीना, चाप आणि दोन-तीन नळ्या द्या, बाकी मांडीचं’ असं सांगा (सीना म्हणजे छाती, चाप म्हणजे बरगड्या, नळ्या म्हणजे पायाची पोकळ हाडं). सुक्याला मांडी आणि खांदा. बिर्याणीला तुकडे मोठे, नाहीतर दमावर भुगा होतो. रश्श्यासाठी नुसतं बिनहाडाचं मटण घेऊन येणाऱ्यांची मला कीव येते, कारण रश्श्याला अंग येतं ते हाडांतून, कुर्च्यांतून आणि सीन्याच्या पडद्यांतून. मसाला कितीही चांगला असला तरी ही कसर भरून निघत नाही.

टांगलेलं मटण बघायला शिका. कोवळ्या जनावराचं मांस फिकट तांबूस असतं, चरबी पांढरी आणि घट्ट, आणि तोडलेल्या हाडाच्या आत लालसर झाक दिसते. वय झालेल्याचं मांस गडद, हाड पांढरंफटक आणि टणक, चरबी पिवळसर. मेंढीच्या अंगावर कातड्याखाली चरबीचा सलग थर असतो. बोकड त्या मानाने सडपातळ, त्याची चरबी पोटात, गुर्द्याभोवती जास्त. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की कोणी बोकडाच्या नावाखाली मेंढी देतंय किंवा उलट, ते बरंचसं लक्षात येतं. ज्यांच्या घरी बोल्हाईचा नेम आहे त्यांनी मात्र डोळ्यांवर भरवसा न ठेवता फक्त मेंढीचंच कापणाऱ्या ओळखीच्या दुकानातच जावं.

आखाडातला शेवटचा रविवार, गटारी, धुळवड या दिवशी दुकानापुढे रांग असते आणि मिळेल ते जनावर खपतं. त्या दिवशी अकरा वाजता जाऊन कोवळं मागण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि सकाळी लवकर जा.

खिमा आधीच करून परातीत ठेवलेला घेऊ नका. त्यात छाटण किती आणि गुर्दा-पडदे किती ते कळत नाही, आणि दळलेल्या मांसावर जंतू फार लवकर वाढतात. खांद्याचं मटण निवडा, समोर काढून घ्या, आणि घरी तो पूर्ण शिजवा. मोठा तुकडा आत किंचित गुलाबी राहिला तरी चालतो, खिम्याचं तसं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडकही असाच आहे: सलग तुकड्यांना ६३ अंश सेल्सिअस आणि वर ३ मिनिटं विसावा, खिम्याला मात्र ७१ अंश.

थेट फ्रीजरमध्ये टाकू नका

वातड मटणाचं हे कारण फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. जनावर कापल्यावर स्नायू लगेच निर्जीव होत नाहीत. त्यांच्यात काही तास शक्ती शिल्लक असते, ती संपत जाते तसे ते ताठरतात, आणि पुढे थंडाव्यात एक-दोन दिवसांत पुन्हा सैल पडू लागतात. सकाळी कापलेलं मटण आठ वाजता घरी आणून साडेआठला फ्रीजरमध्ये टाकलं, तर ही शक्ती अजून शिल्लक असतानाच मांस १० अंशांच्या खाली जातं. अशा वेळी तंतू गारठ्याने जोरात आखडतात आणि आखडलेलेच राहतात. मेंढी लहान अंगाची, तिचं मांस पटकन गार होतं, त्यामुळे हा त्रास तिला जास्त. न्यूझीलंडमध्ये लॅम्ब, म्हणजे कोकराचं मटण, गोठवून परदेशी पाठवायला लागल्यावर हाच प्रश्न पुढे आला आणि त्यावर तिथे पुष्कळ संशोधन झालं.

तेव्हा दोनच गोष्टी करा. त्याच दिवशी करायचं असेल तर आणल्या आणल्या चुलीवर चढवा, दुपारपर्यंत टाळू नका. साठवायचं असेल तर शक्यतो दुकानात थंड ठेवलेलं आदल्या दिवशीचं मागा. ताजंच आणलं असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकून, एक पूर्ण दिवस ठेवा आणि मगच एका वेळेला लागेल इतक्या पुड्या करून गोठवा. कलेजी साठवायच्या भानगडीत पडू नका, ती आणल्या दिवशीच संपवावी.

आणि आधीच थेट गोठवून ठेवलंय? मग ते ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवू नका. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सावकाश सुटू द्या. आखडणं थोडं कमी होतं. शिजवताना वेळ वाढवा, आच नको.

धुणं

आपल्याकडे ओंडक्यावर सत्तुराने तोडतात, हाडाच्या कपच्या राहतात, म्हणून धुणं सुटत नाही. पण नळाच्या धारेखाली धरू नका; शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, बाजूच्या भांड्यांवर उडतात आणि कच्च्या मांसातले जंतू तिथे जातात. पातेल्यातल्या पाण्यात एकदा, फार तर दोनदा खळबळून चाळणीत निथळत ठेवा. पाण्यात भिजत ठेवण्याने वास जात नाही, फक्त रंग आणि चव जाते.

चरबी: किती काढायची, किती ठेवायची

मेंढीचा जो वास म्हणतात तो मांसाचा कमी आणि चरबीचा जास्त. तिच्यात काही खास मेदाम्लं असतात, त्यांचा तो गंध, आणि वय वाढतं तसा तो वाढतो. हे कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात: दुकानातच ‘सगळी चरबी काढा’ म्हणतात. मग मटण कोरडं, रस्सा पोरका. वरचा जाड थर काढा, तंतूंमध्ये मुरलेली आणि सीन्यावरची राहू द्या.

काढलेली टाकू नका. एक मूठभर बारीक चिरून पातेल्यात मंद आचेवर ठेवली की पाच-सात मिनिटांत वितळते, त्यातच कांदा परता. तेल निम्म्याहून कमी लागतं. बोकडाच्या अंदाजाने दीड पळी तेल ओतायचं आणि वर मेंढीची चरबी सुटायची, म्हणजे तर्री न होता नुसता तेलाचा थर उभा राहतो. असं झालंच तर रस्सा दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि वरचा थर पळीने काढून घ्या. त्यात दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबरची चटणी परतता येते.

मेंढीची चरबी ४० अंशांच्या वरच्याच तापमानाला थिजायला लागते, म्हणजे आपल्या तोंडातल्या उबेलाही ती पातळ राहत नाही. मेण चिकटल्यासारखं वाटतं ते यामुळे. मटण करणारीने सगळ्यांना पाटावर बसवून मगच रस्सा वाढायला घ्यावा, आणि तो उकळता असावा. जेवताना मध्ये गार पाणी पिऊ नये असं जुन्या बायका सांगतात, त्यातही तथ्य आहे.

वासासाठी मसाला दुप्पट करणं ही आणखी एक चूक. वास दाबला जात नाही, मसाल्याखालून वर येतो. त्यापेक्षा मटणाला मीठ, हळद आणि भरपूर आलं-लसूण वाटून चोळा, अर्धा तास ठेवा, आणि कांद्यावर ते मोठ्या आचेवर पाणी सुटून आटेपर्यंत परता. हे परतणं घाईत उरकलं तर पुढे दगडफूल, चक्रीफूल काहीही घाला, उपयोग नाही. कच्ची पपई सुक्याला किंवा कबाबाला किलोला एखादा चमचा, तीही तासाभराच्या आत. रात्रभर लावून ठेवली तर वरून पिठूळ आणि आतून तसंच, अशी गत होते.

शिट्ट्या मोजू नका

‘किती शिट्ट्या?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सात मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यांना अर्धा तास लागतो. मटणाला कळते ती मिनिटं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा: कोवळ्या मेंढीला १२ ते १५ मिनिटं, वय झालेलीला २५ पर्यंत. मग गॅस बंद करून कुकर आपोआप उतरू द्या. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम खळाखळा उकळतं आणि तुकड्यांतला रस बाहेर ओढला जातो. मऊ झालेलं मटणही मग चोथट लागतं.

पातेल्यात करणाऱ्यांची अडचण वेगळी. मांस तापलं की आधी आकसून कडक होतं, आणि त्यातले चिवट पडदे विरघळायला पुढे बराच वेळ ७० अंशांच्या वरची सौम्य उष्णता लागते. मधल्या त्या कडक टप्प्यावर माणसं घाबरतात, आच वाढवतात, गार पाणी ओततात. वाढवलेल्या आचेने पाणी आटतं, पडदे तसेच. झाकणाच्या ताटात पाणी ठेवायची जुनी रीत यासाठीच चांगली: वरचं पाणी गरम होत राहतं, लागेल तसं तेच आत घालायचं, आणि शिजण्यात खंड पडत नाही. तुकडा बोटांनी दाबून हाडापासून सुटतोय का बघा, सुटत नसेल तर आणखी पंधरा मिनिटं, याच आचेवर.

वाटण आणि रस्सा

खोबरं करपलं तर रस्सा कडू होतो आणि त्याला उपाय नाही, वाटण टाकून दुसरं करा. गूळ घालून कडवटपणा झाकायला जाऊ नका. रस्सा खारट झाला तर बटाटा मीठ वेगळं शोषून घेत नाही, तो फक्त थोडं खारट पाणी पितो. बाजूला काढलेली अळणी (मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी) किंवा गरम पाणी आणि चमचाभर बिनमिठाचं वाटण घालून उकळी काढा. म्हणून सुरुवातीला मीठ हात राखून घाला आणि वाटीभर अळणी नेहमी बाजूला ठेवा. घरातल्या लहानांच्या भातावरही ती लागतेच.

मेंढीच्या अळणीवर पांढरा रस्सा करणार असाल तर अळणी आधी थोडी गार करून वरची चरबी काढलीच पाहिजे, नाहीतर नारळाच्या दुधावर पिवळट डाग तरंगतात. नारळाचं दूध सर्वांत शेवटी, बारीक आचेवर, एकाच दिशेने ढवळत. खळखळ उकळी आली की ते फुटतं आणि फुटलेलं पुन्हा जुळून येत नाही. झाकणही ठेवू नका.

परदेशात लॅम्ब आणणाऱ्यांसाठी

तिथे सुपरमार्केटमध्ये मिळणारं लॅम्ब साधारण वर्षाच्या आतल्या जनावराचं असतं आणि बहुतेकदा थंड ठेवून मुरवलेलं. आईने फोनवर सांगितलेल्या वेळाने ते शिजवलं तर कुकर उघडल्यावर हाडं एकीकडे आणि धागे एकीकडे. आठ-दहा मिनिटांवर थांबून बघा, कमी पडलं तर परत लावता येतं. बिनहाडाच्या मांडीपेक्षा हाडासकट खांदा घ्या. रश्श्याला तोच चांगला, आणि बऱ्याचदा स्वस्तही असतो. बोकडाची चव हवी असेल तर हलाल दुकानात बोकडाचं वेगळं मागा, लॅम्बला मसाला वाढवून ती येणार नाही.

उरलेलं

दुसऱ्या दिवशीचा रस्सा जास्त मुरतो हे खरं, पण तो रात्रभर ओट्यावर ठेवून नाही. मोठ्या पातेल्यात रस्सा फार हळू गार होतो, आणि उकळीतूनही तगणारे काही जंतू त्या कोमट तासांत वाढतात. जेवणं झाली की उथळ भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर आलेला पांढरा थर सहज निघतो, हवा तेवढा काढून घ्या. मग लागेल तेवढाच रस्सा वेगळ्या भांड्यात घेऊन चांगली उकळी काढा. सगळं पातेलं पुन्हा पुन्हा तापवत राहिलं तर तुकडे भुगा होतात.