चौथी-सातवीनंतरची शाळा गावाने मिळून कशी ठरवावी

विदर्भातील पुष्कळ खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, पाचवीला किंवा सातवीला संपते आणि पुढच्या वर्गासाठी मुलांना शेजारच्या मोठ्या गावी किंवा तालुक्याला जावे लागते. तो टप्पा जवळ आला की पालकांत दोन तट पडतात. सगळी मुले एकाच शाळेत गेली तर त्यांना सोबत राहते, त्यांच्यासाठी बस मागता येते आणि त्या शाळेला गावाच्या वतीने जाब विचारता येतो, असे एका बाजूचे म्हणणे असते. ज्याने त्याने आपल्या मुलाचे पाहून शाळा निवडावी, गावाने त्यात पडू नये, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे; मात्र हा वाद बहुधा १ मेच्या निकालानंतर सुरू होतो आणि तोवर बरेच काही ठरून गेलेले असते.

म्हणून विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडावा आणि त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीची सभा फक्त याच विषयासाठी बोलवावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात सभा दुपारी ठेवली तर महिला वावरात असतात आणि सह्या तेवढ्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. कापसाची शेवटची वेचणी आटोपत आल्यावर, संध्याकाळी, शाळेच्याच व्हरांड्यात सभा ठेवावी. मुलीला किती दूर पाठवायचे हा निर्णय घरात आईशिवाय होत नाही, मग तो सभेत तिच्याशिवाय का व्हावा?

सभेतील पहिला प्रश्न कोणती शाळा चांगली हा नसावा. पुढचा वर्ग आपल्याच शाळेत मिळू शकतो का, हे आधी पाहावे. महाराष्ट्रातील जुनी विभागणी चौथी, सातवी आणि दहावी अशी होती. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ती पाचवी आणि आठवी अशी मानली. त्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवीचा आणि सातवीपर्यंतच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडून मागता येतो. राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. जवळ दुसरी शाळा आहे का आणि मुले किती, हे पाहूनच मागणीचा विचार होतो. समितीचा ठराव, मुलांची नावानिशी यादी आणि जवळच्या शाळांची अंतरे जोडलेला अर्ज मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि पोच घ्यावी. तरीही कागदावर वर्ग मिळाला म्हणून समाधान मानू नये. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांत भाषा, विज्ञान-गणित व सामाजिक शास्त्रे या तिन्हींसाठी शिक्षक, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तेवढे शिक्षक मिळणार नसतील तर, माझ्या मते, वर्ग जोडून घेण्यापेक्षा मुले चांगल्या शाळेत एकत्र पाठवणे बरे.

येथे पटसंख्येचे गणित सर्वांना समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण वादाचे खरे मूळ त्यात आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, ती पदे पटावरून ठरतात. सातवीपर्यंतच्या शाळेतून पाचवीतच निम्मी मुले चार वेगवेगळ्या शाळांत गेली, तर उरलेल्या मुलांच्या वाट्याला कमी शिक्षक येतात आणि दोन-तीन वर्ग एका खोलीत बसतात. जाणाऱ्यांच्या निवडीची किंमत राहणारे मोजतात, आणि राहणारी मुले बहुधा ज्यांच्याकडे ऑटोचे भाडे नाही त्यांचीच असतात. हे कोणाला दोष देण्यासाठी सांगू नये, पण सभेत सांगितलेच पाहिजे.

हेच गणित खासगी शिक्षण संस्थांच्या शाळांनाही लागू असल्यामुळे उन्हाळ्यात त्यांचे शिक्षक मुलांच्या शोधात गावोगाव फिरतात. कोणी दप्तर देऊ करतो, कोणी सायकल, कोणी वर्षभर गाडी पाठवण्याचे आश्वासन देतो. आपले पद वाचवण्यासाठी माणूस उन्हातान्हात दारोदार फिरतो आहे, हे समजून त्याला पाणी आणि चहा अवश्य द्यावा. शाळा सोडल्याचा दाखला मात्र देऊ नये. शाळा पाहून झाल्याशिवाय दाखला काढायचा नाही आणि काढला तर तो पालकाने स्वतः नेऊन द्यायचा, एवढे सर्वांनी पाळले तरी अर्धे काम होते. गाडीचे आश्वासन मिळाले तर ते संस्थेच्या पत्रावर लिहून मागावे.

सभेनंतर जमेल त्या दोन-तीन शाळांना चार-पाच पालकांनी, त्यात किमान दोन आयांनी, शाळा भरलेली असताना भेट द्यावी. इमारतीच्या रंगावर जाऊ नये. सहावीच्या मुलाची गणिताची वही पाहावी आणि ती शेवटची कधी तपासली आहे ते बघावे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, विज्ञानाला कायम शिक्षक आहे की तासिकेवरचा, सेमी इंग्रजी असल्यास ते दहावीपर्यंत सलग आहे का, हे विचारावे. आपल्या गावातून पूर्वी तिथे गेलेल्या मुलांपैकी किती दहावीपर्यंत टिकली, याचे उत्तर शाळेत नव्हे, गावातच मिळते. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. विनाअनुदानित शाळेचा खर्च मांडताना फीबरोबर ही बाजूही धरावी.

अंतर मोजायचे ते श्रावणात, चैत्रात नव्हे. पांदण रस्ता चिखलाने बंद होतो का, नाल्याला पूर आला तर मूल कोणत्या बाजूला अडकते, फाट्यावर बस थांबते की तशीच पुढे जाते, हे पाहावे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे आणि मुलांना पासात मोठी सवलत आहे. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसही धावतात. परंतु पास असणे आणि बस वेळेवर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारी, तसेच उन्हाळा लागल्यावर आपल्याकडे शाळा सकाळची होते आणि बसचे वेळापत्रक तेच राहिले की मुले दुपारी बारापासून फाट्यावर उन्हात ताटकळतात. माझे मत स्पष्ट आहे: आठवीपर्यंत नावाजलेल्या शाळेपेक्षा बारा महिने पोहोचता येईल अशी शाळा निवडावी.

काही मुलांचा विचार वेगळा आणि आधी करावा लागतो. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयात, उदाहरणार्थ वर्ध्याचे सेलुकाटे किंवा गडचिरोलीतील घोट येथे, प्रवेश सहावीत परीक्षेने होतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात; मात्र त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी हे तिन्ही वर्ग ग्रामीण भागातील शाळेत झालेले असावे लागतात. चांगल्या शिकवणीसाठी म्हणून मुलाला चौथीत नगरपरिषद हद्दीतील शाळेत घालणारा पालक हा हक्क नकळत गमावतो. आठवीत दिल्या जाणाऱ्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण विनाअनुदानित शाळेतील मुलांना ही परीक्षा देता येत नाही. खासगी शाळांतील शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागा पहिली किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गासाठीच असतात. पाचवी-सहावीत त्या मिळवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आश्रमशाळा आणि एकलव्य शाळा या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वेळेत चौकशी करावी.

शाळा पाहून झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा सभा घ्यावी आणि ठराव असा करावा की अमुक शाळा ही गावाची पहिली पसंती राहील, परंतु कोणावर सक्ती नसेल आणि ज्यांना वेगळी शाळा हवी आहे त्यांनी ते त्याच सभेत सांगावे, म्हणजे बससाठीची यादी खरी राहील. गावाच्या ठरावाने कोणाचा हक्क जात नाही: आपल्या शाळेत पुढचा वर्ग नसलेल्या मुलाला दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी सर्वसाधारण शाळांना मुलाची चाचणी किंवा पालकाची मुलाखत घेता येत नाही. अडवणूक झाल्यास तोंडी भांडत न बसता गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

प्रवेश झाल्यावर दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि जात आधारकार्डाशी व जुन्या नोंदींशी ताडून पाहावी, कारण जात पडताळणीच्या वेळी तीच नोंद पुढे येते. गावाची यादी, नव्या मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन शाळा सुरू होण्याच्या आधी एसटीच्या आगार व्यवस्थापकांना भेटावे. सकाळच्या शाळेची वेळ त्याच अर्जात वेगळी नमूद करावी, म्हणजे मार्चमध्ये पुन्हा आगारात जावे लागणार नाही.