पेशी फक्त ६०, म्हणून मी ‘व्हायरल’ म्हणाले

एमडी मायक्रोबायोलॉजीला नुकत्याच लागलेल्यांसाठी लिहितेय. नॉर्मल सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात, पेशी घन मिलिमीटरला ५ च्या आत, प्रोटीन १५ ते ४५ मिलिग्रॅम टक्के, साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्या की मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) बॅक्टेरियल, लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढल्या की व्हायरल नाहीतर टीबी, हा तक्ताही पाठ असेल. मला त्याच तक्त्याने बुडवलं.

सोलापुरातलं एक मोठं रुग्णालय, रेसिडेन्सीतला पहिला मे महिना. पेशंट पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, पन्नाशीचा. कान कित्येक महिने वाहत होता, दोन दिवस ताप, मान ताठ. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, या भीतीने घरचे दुपारभर सही देईनात. त्यांच्या तेलुगू बोलण्यातला मला ‘नीळ्ळु’ एवढाच शब्द कळत होता. शेवटी साडेचारला पाणी काढलं आणि ट्यूब माझ्या टेबलावर आली पावणेआठला.

पाणी किंचित गढूळ. न्यूबावर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) भरलं, नऊ चौकोनांत ५४ पेशी मोजल्या, दहाने गुणून नऊने भागलं: ६०. काचेवर पसरून रंगवलेल्या थेंबात, म्हणजे स्मिअरमध्ये, निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट. मी लगेच वॉर्डात फोन लावला, “साठच पेशी आहेत, व्हायरल वाटतंय.” ग्रॅम, म्हणजे जंतू दाखवणारं रंगकाम, अजून व्हायचा होता. चेंबर हाताला बसल्याचा आनंद असतो ना, तो बोलत होता.

थोड्या वेळाने स्लाइड रंगवणाऱ्या लॅबमधल्या मामांनी हाक मारली, “मॅडम, हितं या जरा.” ऑइल इमर्शनखाली फील्डच्या फील्ड जांभळ्या जोड्यांनी भरलेली. टोकाला निमुळते दाणे, भोवती कॅप्सूलची फिकट कडा. न्यूमोकॉकस, बॅक्टेरियल मेनिन्जायटिसचा जंतू. आणि पेशी? तीन-चार फील्ड सरकवल्यावर एखादी, तीही फुटकी.

दुसरा फोन करताना आवाज फुटेना. वॉर्डातल्या डॉक्टरांनी मात्र पाणी काढल्या काढल्याच डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) आणि अँटिबायोटिक सुरू केलं होतं, माझ्या फोनची वाट बघितली नव्हती. पेशंट वाचला, एका कानाने ऐकू येणं गेलं. न्यूमोकॉकसमध्ये ते होतं आणि त्याचा माझ्या फोनशी संबंध नाही, हे मला कळतं. तरी तो कान आठवतो.

आता माझी चूक कुठे झाली ते सविस्तर सांगते, कारण ती पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते.

सीएसएफ ही शरीरातली जवळजवळ बिनपहाऱ्याची जागा आहे. रक्तात अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (जंतूंवर चिकटणारी बचावाची प्रथिनं) भरपूर. सीएसएफमध्ये आयजीजी ही मुख्य अँटिबॉडी रक्ताच्या काही सहस्रांश हिस्सा आणि कॉम्प्लिमेंट नावापुरतं. म्हणजे जंतूवर चिकटून तो पेशींना पकडता येईल असा करणारं ऑप्सोनिन जवळपास नाहीच. उजनी धरणातली वाम (सापासारखा बुळबुळीत मासा) कधी साफ केली असेल तर लगेच कळेल. हाताला राख लावल्याशिवाय ती हातात राहत नाही. न्यूमोकॉकसची कॅप्सूल तशीच बुळबुळीत आणि ऑप्सोनिन ही राख. न्यूट्रोफिल हजारोंनी आले तरी राखेविना त्यांच्या हातून जंतू निसटतात. वर त्यांच्याच प्रोटिएजमुळे (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे) होतं नव्हतं ते कॉम्प्लिमेंटही तुटतं. म्हणून पेशींचा आकडा मोठा म्हणजे बचाव भक्कम, असं नाही. आणि आकडा लहान म्हणजे जंतू नाहीत, असं तर मुळीच नाही. जंतू बेसुमार आणि पेशी तुरळक, हे चित्र उलट वाईट. न्यूमोकॉकल मेनिन्जायटिसमध्ये सीएसएफमधल्या पेशी १००० च्या खाली असतील तर पेशंटचं पुढचं अवघड असतं.

याच कारणासाठी इथे जंतू नुसते रोखणारं औषध चालत नाही, मारणारंच लागतं. मारायला शरीराची मदत मिळणार नाही, हे धरून चालायचं. मेलेल्या जंतूंच्या भिंतीचे तुकडे टीएनएफ आणि आयएल-१ हे दाह वाढवणारे संदेशक पेटवतात, मेंदूला सूज येते, म्हणून डेक्सामेथासोन अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत. मोठ्या माणसांत त्याचा फायदा दाखवणारी युरोपातली ट्रायल २००२ ची. १० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, चार दिवस. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पुढचा प्रश्न हमखास येतो: सूज उतरली की व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सीएसएफमध्ये कमी शिरतं, मग काय? विचार करून जा.

माझ्या केसमध्ये दुसरंही कारण होतं, साडेचार ते पावणेआठ. ट्यूब नुसती ठेवली तरी रूम टेंपरेचरला तासाभरात साधारण तिसरा हिस्सा न्यूट्रोफिल फुटून जातात, दोन तासांत निम्मे. लिम्फोसाइट तेवढ्या वेळात टिकतात. म्हणजे उशिराने नुसता आकडा घटत नाही, तक्त्याचा रकानाच बदलतो. बॅक्टेरियलचं पाणी बघता बघता व्हायरलसारखं दिसायला लागतं. पुस्तकातलं रूम टेंपरेचर २०-२५ अंशांचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश, त्यात वॉर्डातला पंखा गरगर गरम हवा फिरवतो. म्हणून लगेच फ्रिजमध्येही टाकू नका! मेनिन्गोकॉकस आणि हिमोफिलस हे मेनिन्जायटिसचे जंतू थंडीने मरतात, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) कोरं येतं. उपाय एकच, ट्यूब घेऊन धावणे.

ग्रॅम झाल्याशिवाय फोन करायचा नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही. सोबतची रक्तातली साखर मागितल्याशिवाय सीएसएफच्या साखरेवरही बोलू नका. मधुमेह्याच्या रक्तात ३०० असताना पाण्यातली ८० ‘नॉर्मल’ नसते.

मोबाइलवरच्या रंगीत तक्त्यांचा मला आता राग येतो. परीक्षेपुरते ठीक. खरं शिकायचं तर वीस-पंचवीस वर्षं स्लाइड रंगवणाऱ्या माणसाशेजारी बसा आणि त्यांना चहा पाजा. सीनियर चिडतात, मामा लोक चिडत नाहीत. चेंबरमध्ये आरबीसी (लाल पेशी) आणि लिम्फोसाइट यांत गोंधळ होत असेल तर घाबरू नका, सगळ्यांचा होतो. पिपेटमधून अॅसेटिक अॅसिड फिरवून घ्या, आरबीसी विरघळतात. सहा महिन्यांत डोळा बसतो. माझा बसायला आठ लागले.

फॉर्मवरचा ‘नमुना घेतल्याची वेळ’ हा रकाना अजूनही कोरा येतो. मी इतक्यांदा ट्यूब परत पाठवून विचारलंय, की आमचा वॉर्डबॉय आता दारातूनच ओरडतो, “साडेचार, मॅडम! पळतच आलोय.”