करवंदाची जाळी राखा, बी मृगाआधी पेरा

मे संपत आला की वरकस, म्हणजे हलक्या उतारावरच्या जमिनीत आंबा-काजूचे खड्डे मारायची घाई होते आणि जेसीबीच्या पहिल्याच फेऱ्यात करवंदाच्या काटेरी जाळ्या उखडल्या जातात. पुढे त्याच कलमांना उनाड गुरांपासून वाचवायला तारेचे कुंपण विकत आणावे लागते. म्हणून कळकळीची विनंती: बांधाच्या कडेची जाळी राखा, आणि जिथे नसेल तिथे यंदाच तयारीला लागा.

बी धरायचे दिवस हेच. गर भरपूर, फळ मोठे आणि घोस भरगच्च अशी जाळी हेरून तिची पूर्ण काळी झालेली फळे घ्या. जोराचा पाऊस लागला की फळे फुटतात, कुजतात, त्याआधीच उतरवा. गर चोळून बी धुवा, सावलीत सुकवा आणि आठवड्याच्या आत पेरा. करवंदाचे बी साठवणीत टिकत नाही. पुढच्या हंगामासाठी डब्यात जपून ठेवलेल्या बियांची उगवण फारच कमी होते. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत दोन बिया, अर्धा इंच खोल, एवढे पुरे. पिशव्यांवर झावळ्यांचा आडोसा करा, नाहीतर आषाढातल्या सरी माती उडवून बी उघडे पाडतात. रोप सुरुवातीला फार सावकाश वाढते. ते लावण्याजोगे होईल पुढच्या मृगात.

यंदाच लावायचे असेल तर रोपवाटिकेतून वर्षाची रोपे आणा. कुंपणासाठी बांधालगत चर खणून दोन ते तीन फुटांवर एक रोप लावा. जांभ्याची मुरमाड, उतरती जमीन चालते. पाणी तुंबणारा खलाटीचा (सखल जमिनीचा) कोपरा मात्र टाळा, तिथे मुळे कुजतात. रोप गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडा. बुडापासून फांद्या फुटल्या नाहीत, तर खालून वासरू सहज आत शिरते. पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी गवताचे आच्छादन आणि आठवड्याला एखादे पाणी द्या. शिमग्याच्या सुमारास कुंपणाच्या दोन्ही अंगांचे गवत काढा, म्हणजे वणवा आत येणार नाही.

बियांच्या रोपांना आईसारखेच फळ येईल असे नाही. कुंपणाला त्याने काही अडत नाही, पण फळे विकायची असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात घ्या. मनासारखी गावठी जाळी सापडली, तर पावसाळ्यात तिची गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून तिचे रोप करा. फळांसाठीची लागवड ३ मीटर बाय ३ मीटर अंतरावर करावी.

फळाच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: पिकलेल्या करवंदावरच भिस्त ठेवू नका. ते दोन-तीन दिवसांत मऊ पडते आणि एसटी स्टँडवर पानाच्या द्रोणातून विकायला नेईपर्यंत निम्मे चेपते. एप्रिलमधले हिरवे, कडक करवंद लोणच्याला उत्तम. जेलीसाठी अर्धवट पिकलेले घ्या. त्यात पेक्टिन जास्त असते, त्यामुळे ती चांगली घट्ट होते. फळ सकाळी, देठासह तोडा. देठ मोडल्यावर निघणारा पांढरा चीक हाताला आणि कपड्याला चिकटतो, म्हणून देठ काढून फळे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, दोनदा धुवा आणि कोरडी पुसूनच बरणीत भरा.